धोट्यापासून चष्म्यापर्यंत: जोडणीचं काम कोण कोणाला शिकवतं?

कारखान्यातल्या कामगाराच्या डोक्यावर एक चष्मा चढवायचा. समोर खरं यंत्र, हातात खरा पाना. चष्म्याच्या काचेत मात्र त्याच यंत्रावर एक बाण उमटतो: आधी हा बोल्ट, मग तो, इतका आवळ. ते झालं की पुढची पायरी दिसते. याला मिक्स्ड रिअॅलिटी म्हणतात, आपण मिश्र वास्तव म्हणू. हा चष्मा विकणारे सांगतात की आता वर्षानुवर्षं उस्तादाच्या हाताखाली घासायची गरज नाही, कालचा शेतमजूर आठवड्याभरात जोडणी करू लागेल.

हे ऐकायला आपल्याला गोड वाटणारच. सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात काम करणाऱ्याला तर जास्तच, कारण आपल्या लोकांना काम शिकवणारा उस्ताद कधी सहजासहजी भेटला नाही. यंत्र जात विचारत नाही, बाण जात विचारत नाही, मग बरंच झालं की! आपले काही तरुण मित्र असं म्हणतातही. त्यांच्याशी मला थोडा वाद घालायचा आहे, आणि त्यासाठी मुंबईच्या कापड गिरण्यांपासून सुरुवात करावी लागेल.

गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगार हजारोंनी होते. ते कुठे होते, हे पाहा. सूत कातण्याच्या खात्यात होते, झाडलोटीला होते. विणकाम खात्यात, जिथे मजुरी चांगली मिळे, तिथे त्यांना मज्जाव होता. कारण होतं धोटा. मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचं. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत. महाराची थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून महाराने त्या खात्यात पाऊलच ठेवायचं नाही. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत असली पाहिजे. वर्गाच्या एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या पुढाऱ्यांना ती अडचणीची वाटली. का वाटली, हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आता यातली एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. तोंडाने सूत ओढायचा धोटा ही काही यंत्रयुगाची अटळ गरज नव्हती. त्यातून रोग पसरतात म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तसल्या धोट्यांवर बंदी घातली होती. हाताने सूत ओवता येईल असे धोटे होते. म्हणजे मुंबईत १९२८ साली जातीच्या नावाने जे दार बंद होतं, त्याची तांत्रिक किल्ली सतरा वर्षांपूर्वीच जगाला माहीत होती. ती मागवावी असं मालकाला वाटलं नाही, कारण त्याचं काही अडत नव्हतं. सवर्ण कामगारालाही वाटलं नाही, कारण बंद दाराच्या आत तोच बसला होता. ‘तंत्रज्ञान आलं की जात जाते’ हे वाक्य ज्याला फार आवडतं, त्याला हा धोटा दाखवावा.

दुसरी जागा आपल्याच जिल्ह्यातली, मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी तिथे जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. या देशातल्या कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेब तिथेच म्हणाले. ते आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या कामांची जी बारीक चिरफाड केली, ती आपण सांगत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरकडून स्टेशन मास्तर घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्य घरात चालत नाही. वर्कशॉपमध्ये तो हमाली करतो, पण मेकॅनिक होत नाही, फोरमन तर दूरच. म्हणजे जात माणसाला कारखान्याच्या फाटकाबाहेरच ठेवते असं नाही. ती त्याला आत घेते आणि आत घेऊन ठरावीक पायरीवर खिळवते. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडून उतरंडीत बसवण्याबद्दल जे लिहिलं, त्याचा कारखान्यातला पुरावा दोन वर्षांनी मनमाडला मांडला गेला, असं मी समजतो.

वर्कशॉपमधला मेकॅनिक मेकॅनिक कसा होतो? पुस्तक वाचून नाही. तो दुसऱ्या मेकॅनिकच्या शेजारी उभा राहतो, त्याचा हात बघतो, पाना किती फिरवल्यावर तो थांबतो हे बघतो, शिव्या खातो, हळूहळू त्याला काम सोपवलं जातं. हे शेजारी उभं राहणंच आपल्याला नाकारलं होतं. सवर्णांनी यंत्राचं ज्ञान कुलूप लावून ठेवलं होतं असंही नव्हे, ते तर तेलकट हातांनी सगळ्यांसमोर चाललेलं असे. फक्त त्याच्या शेजारी आपण उभं राहायचं नव्हतं.

मग चष्मा हा शेजार देतो का? आधी तो आला कुठून ते पाहू.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर नावाच्या इंजिनिअरने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिलं. त्याची तक्रार अशी होती की कामाचं ज्ञान कामगारांच्या हातात आणि डोक्यात आहे, मालकाला ते माहीतच नाही, म्हणून कामगार आपल्या चालीने काम करतो. उपाय काय, तर हे ज्ञान गोळा करून व्यवस्थापनाच्या कचेरीत न्यायचं, स्टॉपवॉचने प्रत्येक हालचाल मोजायची आणि कामगाराला फक्त लेखी सूचना द्यायच्या. लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या एका कामगाराचं उदाहरण देऊन तो सांगतो की दिवसाला साडेबारा टनांवरून त्याला साडेसत्तेचाळीस टनांवर नेलं. मजुरी वाढली सुमारे साठ टक्के. काम जवळजवळ चौपट झालं, ते वेगळं. आणि असल्या कामाला माणूस कसा हवा, तर बुद्धीने बैलासारखा जड, असं हा गृहस्थ उघड लिहितो. आपल्याकडे असं लिहायला मनू लागला. तिकडे एका इंजिनिअरने ते व्यवस्थापनाच्या पुस्तकात लिहिलं आणि ते पुस्तक जगभर वाचलं गेलं. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, फोर्डच्या कारखान्यात सरकता पट्टा आला. मॉडेल टी गाडीची चेसिस जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासाच्या आसपास आलं. तिथला एकेक कामगार एखाददुसरी क्रियाच करत राही. हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन लेखकाने, जो स्वतः कधीकाळी तांबट होता, १९७४ मध्ये या सगळ्याचं वर्णन विचार आणि कृती यांची फारकत असं केलं. समाजशास्त्राच्या वर्गात हा मुद्दा भांडवलशाहीचा म्हणून शिकवला जातो. विचार एकाचा आणि हात दुसऱ्याचा ही विभागणी या देशात यंत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून जन्मावर ठरत होती, हे त्या वर्गात सांगत नाहीत.

बाबासाहेबांनी ही फारकत ओळखली होती. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला दिलं. त्यात शिक्षणाबद्दल दोन स्वतंत्र मागण्या आहेत. एक, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी मदत. दोन, तांत्रिक प्रशिक्षणाची सोय, म्हणजे सरकारी छापखाने आणि रेल्वेची वर्कशॉप इथे आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या. चार वर्षांपूर्वी मनमाडला जे दार बंद दाखवलं होतं, तेच सरकारात बसल्यावर ते ठोठावत होते. नुसता वकील-मास्तर तयार करून भागणार नाही, यंत्राजवळ आपला माणूस उभा राहिला पाहिजे, आणि यंत्राचं शास्त्र शिकायलाही आपलाच माणूस गेला पाहिजे. त्या निवेदनात या दोन्ही मागण्या एकत्र आहेत.

स्वातंत्र्यानंतर नेमकी त्यांची फाटाफूट झाली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय वाढल्या. १९५१ मध्ये खरगपूरला पहिली आयआयटी सुरू झाली. अक्षरं तीच, क्रम तेवढा बदलला, आणि त्या क्रमात सगळी उतरंड आली. अजंता सुब्रमणियन यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय की वसाहतकाळापासून तांत्रिक शिक्षण कारागीर जातींच्या हातातून काढून ते वरच्या जातींच्या बुद्धीचं क्षेत्र कसं बनवलं गेलं आणि पुढे त्यालाच गुणवत्ता हे नाव कसं पडलं. ज्यांच्या बापजाद्यांनी कधी हातोडी धरली नाही ते इंजिनिअर, आणि ज्यांनी धरली त्यांची मुलं त्यांच्या हाताखाली फिटर.

नाशिकला याचं एक मजेदार उदाहरण आहे. १९६४ मध्ये ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला तो सोव्हिएत मिग-२१ विमानांसाठी. सुरुवातीला सुटे भाग तिकडून यायचे, नकाशे तिकडचे, इथे जोडणी. पुढे इथे बनणाऱ्या भागांचं प्रमाण वाढत गेलं. सुखोई-३० च्या वेळीही परवाना घेऊन टप्प्याटप्प्याने तसंच झालं. यावर आपल्या इंग्रजी संपादकांची जुनी तक्रार ठरलेली: ही तर स्क्रूड्रायव्हर टेक्नॉलॉजी, रशियाने जोडायला दिलं, रचनेचं ज्ञान दिलं नाही, देश परावलंबी राहिला. तक्रार खरीच आहे. पण बघा, देशाच्या बाबतीत जोडणी येणं आणि ज्ञान येणं यातला फरक या मंडळींना चटकन कळतो. तोच फरक सुरगाण्याच्या पोराच्या बाबतीत सांगितला की म्हणतात, रोजगार मिळतोय ना, मग अजून काय पाहिजे? (ओझरच्या सरकारी नोकरीत राखीव जागा होत्या, कायम नोकरी होती, युनियन होती. जोडणी करणाऱ्यांच्या मुलांना वर चढता आलं ते त्यामुळे. हेही विसरू नये.)

आता चष्म्याकडे. डोक्यावर चढवायचा पडदा १९६८ मध्ये आयव्हन सदरलंडने बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. त्याला कारखान्यात नेण्याची कल्पना बोइंगमध्ये निघाली. विमानात मैलोन्‌मैल वायर असते. तिच्या जुड्या लांब फळ्यांवर बांधल्या जात, आणि प्रत्येक जुडीची फळी वेगळी, तिच्यावर खुंट्या आणि आखलेला नकाशा. १९९० च्या सुमारास टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल या बोइंगच्या दोघांनी विचार केला की फळी कोरी ठेवू आणि नकाशा कामगाराच्या डोळ्यांपुढे धरू. त्यांचा निबंध १९९२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर यांच्या गटाने लेझर प्रिंटरची देखभाल असाच चष्मा घालून करता येते हे दाखवलं. मिश्र वास्तव हे नाव १९९४ मध्ये मिलग्रॅम आणि किशिनो यांच्या निबंधातून रूढ झालं.

हे चालतं कसं? चष्म्यातले कॅमेरे आणि अंतर मोजणारे सेन्सर खोलीचा आकार टिपत राहतात. कारखान्याकडे यंत्राचा संगणकीय नकाशा असतोच. दोन्ही जुळवले की बाण नेमका त्या बोल्टवर बसतो, मान हलवली तरी हलत नाही. याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ठोकळ्यांच्या जोडणीवर चाचणी घेतली, तेव्हा वस्तूवरच उमटणाऱ्या सूचनांनी चुका ८२ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. त्यांनीच एक इशाराही दिला: बाण दिसतो तिथेच माणसाचं लक्ष अडकतं, आजूबाजूचं दिसेनासं होतं. यंत्राशेजारी उभ्या माणसासाठी ही साधी गोष्ट नाही.

मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २०१६ मध्ये आला, दुसरा २०१९ मध्ये, किंमत साडेतीन हजार डॉलर. त्याच्यासोबत गाइड्स नावाची प्रणाली होती, जिच्यात जोडणीची एकेक पायरी लिहून ठेवता येते. २०२४ मध्ये कंपनीने होलोलेन्स बनवणं थांबवलं, पण कल्पना थांबलेली नाही. आपल्याकडे ठाण्याची आज्नालेन्स ही कंपनी असे हेडसेट बनवते आणि वेल्डिंग, रंगकाम यांच्या प्रशिक्षणासाठी ते विकते. तेव्हा हे आज ना उद्या आपल्या आयटीआयच्या दारात येणार, असं धरून चाला.

गाइड्समध्ये आणखी एक गोष्ट होती. कोणत्या कामगाराला कोणत्या पायरीवर किती वेळ लागला, याचा तक्ता व्यवस्थापनाला पाहता येई. चष्मा डोळे कुठे बघताहेत तेही टिपू शकत होता. टेलरला स्टॉपवॉच घेऊन कामगाराशेजारी माणूस उभा करावा लागत होता. आता ते घड्याळ कामगाराच्याच कपाळावर बांधलेलं आहे.

सुरगाणा तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली समाज मोठ्या संख्येने. पावसाळा सरला की टोळ्या दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबरची गोडी छाटणी, एप्रिलची खरड छाटणी. काडीवर किती डोळे ठेवायचे, कोणती काडी पोसायची, मणी किती विरळ करायचे, हे सगळं या बाया-माणसांच्या हातात आहे. निर्यातीची द्राक्षं त्या हातांवर उभी आहेत. कागदावर मात्र ही माणसं अकुशल मजूर. म्हणजे कौशल्य असणं आणि ते मानलं जाणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी कधीही हातावर ठरली नाही.

याच घरांतली मुलं आयटीआय करून सातपूर, अंबडला जातात. बहुतेक ठेकेदाराकडून. तिथे त्यांची पहिली अडचण भाषेची. घरी कोकणा बोली, शाळेत मराठी, कारखान्यातला नकाशा इंग्रजी आणि सुपरवायझर हिंदी. दुसरी अडचण, विचारायचं कोणाला? एकदा विचारलं की ‘कोट्यातून आला’ हे ऐकावं लागतं. चष्मा या दोन्ही अडचणींवर खरंच काम करतो. बाणाला भाषा लागत नाही, आणि दहा वेळा तीच पायरी पाहिली तरी तो टोमणा मारत नाही. म्हणून चष्म्याला सरसकट विरोध करा असं मी म्हणणार नाही. गिरणीत हाताने ओवायचा धोटा आला असता तर आपण त्याला विरोध केला असता का?

पण आठवड्यात शिकलेला माणूस आठवड्यात बदलताही येतो. आज फिटरला ठेवून घ्यावं लागतं, कारण त्याच्या हाताला वर्षं लागलेली असतात. ज्ञान चष्म्यात गेलं की ती गरज संपते. चष्मा उतरवल्यावर त्या मुलाकडे काय उरतं? पायऱ्या कोणी लिहिल्या, त्या अशाच का, बिघाड झाला तर काय, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि त्या पायऱ्या लिहिताना ज्या जुन्या कामगाराच्या हाताचं चित्रण केलं जातं, त्याच्या नावाचा उल्लेख कुठे राहतो? गँगमन गँगमनच राहतो, फक्त त्याच्या डोळ्यांवर साडेतीन हजार डॉलरची काच येते.

यात कायद्याची एक बाजू आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट वाचावी. खाजगी कंपनीत नोकरीला आरक्षण नाही. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने कलम ३-अ आलं. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखून ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, मालक खाजगी असला तरी. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये छापखान्यासाठी आणि रेल्वेसाठी जे मागितलं, ते इथे कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचलं. मात्र कलमातला शब्द आहे ‘डेझिग्नेटेड ट्रेड’, म्हणजे सरकारने ठरवून दिलेले फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारखे व्यवसाय. २०१४ च्या दुरुस्तीने दुसरा प्रकार आणला, ‘ऑप्शनल ट्रेड’, जो मालक स्वतः ठरवतो. कलम ३-अ ची भाषा त्याबद्दल बोलत नाही. आता विचार करा. कंपनीने म्हटलं की आम्हाला फिटर नको, चष्मा घालून जोडणी करणारा ऑपरेटर हवा, तर तो कोणत्या खान्यात जाईल? शिवाय कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. म्हणजे घड्याळ कपाळावर आणि तक्रारीला जागा नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की चष्मा आयटीआयमध्ये आधी येऊ द्या आणि तो उघडून शिकवा. पायऱ्या लिहायच्या कशा, नकाशा बसवायचा कसा, हे शिकवणारा अभ्यासक्रम आदिवासी तालुक्यांतल्या आयटीआयला आधी मिळाला पाहिजे, शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजला नंतर. सूचनांचा आवाज कोकणा बोलीत भरायला आपली पोरं समर्थ आहेत. ठेकेदारी कारखान्यात पायरीनिहाय वेळेचा तक्ता ठेवला जात असेल तर तो कामगारालाही दिसला पाहिजे. आणि ऑप्शनल ट्रेडलाही कलम ३-अ लागू करा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत यायला हवी. अजून ती मी कुठल्या निवेदनात वाचलेली नाही.

तोपर्यंत एक काम लगेच करता येईल. सार्वजनिक उपक्रमांना आणि शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या सरकारी कार्यालयांना माहिती अधिकारात अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे डेझिग्नेटेड ट्रेडच्या शिकाऊ जागा किती, ऑप्शनल ट्रेडच्या किती, कलम ३-अ खाली राखीव किती आणि त्यातल्या भरल्या किती. खाजगी कंपन्यांची माहितीही त्याच कार्यालयाकडून मागा. अर्जाची फी दहा रुपये आहे.